नववीनंतर दाखला कुठे जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नववीचा निकाल लागल्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत आपल्या राज्यातील अनेक माध्यमिक शाळांच्या कार्यालयांत एक संभाषण दरवर्षी घडते. त्याची नोंद मात्र कोणत्याही रजिस्टरात सापडत नाही. पालकांना बोलावून सांगितले जाते की, मुलाचे अभ्यासात मन नाही, दहावीला बसवले तर तो नापास होईल, त्यापेक्षा दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सरांच्या शब्दावर विश्वास ठेवून पालक अर्जावर सही करतात. पुढच्या वर्षी शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स चौकात लागतो आणि पटावरून गेलेल्या त्या मुलाची चौकशी कोणीही करत नाही.

सतरा नंबरच्या फॉर्मविषयी माझी तक्रार नाही. किमान पाचवी उत्तीर्ण असलेल्या आणि वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही खासगीरीत्या दहावीला बसता यावे, यासाठी ती सोय आहे आणि संसारात अडकलेल्या कितीतरी बायकांनी तिच्या आधारे परीक्षा दिलेली आहे. पण ती केवळ परीक्षेला बसण्याची सोय आहे. ज्या मुलाचे शिकण्यावरूनच मन उडाले आहे, त्याला घरी एकट्याने सगळे विषय तयार करायला सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात सोडण्यासारखे आहे. त्यातच 'बाहेरून दहावी, हमखास पास' अशा जाहिराती करणारे क्लास या पालकांना नेमके गाठतात.

कायद्याची चौकटही येथेच सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद केली, परंतु त्या कायद्याचे संरक्षण ६ ते १४ या वयोगटापुरते आहे. रोज शाळेत न जाता शिकण्याची सोय असलेल्या मुक्त शाळेतून शिक्षण पुरे करण्यासाठी केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत अर्थसाहाय्य आहे, ते १६ ते १९ वयाच्या वंचित गटांतील शाळाबाह्य मुलांसाठी. नववीतून बाहेर पडणारा मुलगा बहुधा या दोहोंच्या मधल्या वयाचा असतो. बालमजुरीविरोधी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येते, त्यामुळे दुकानदार त्याला ठेवून घेऊ शकतो, पण त्याला शाळेत बसवण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

पर्याय अजिबात नाहीत असे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुले तेथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्य तपासण्या अशी कामे शिकतात, गावाला प्रत्यक्ष लागणाऱ्या सेवा देत देत शिकतात आणि त्या ओघात मापन, हिशेब व विज्ञानही त्यांच्या अंगवळणी पडते. या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. फळ्याकडे पाठ फिरवणारा मुलगा यंत्रापुढे तासन्‌तास उभा राहतो, हे ज्यांना खोटे वाटते त्यांनी एकदा पाबळला जाऊन यावे.

मुक्त विद्यालयाची परीक्षापद्धतीही अशा मुलांना झेपणारी आहे. माध्यमिक स्तरावर साधारणपणे पाच विषय घेता येतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि उत्तीर्ण झालेले विषय जमा ठेवून उरलेले पाच वर्षांत पूर्ण करता येतात. मात्र या विद्यालयाचे स्थानिक अभ्यासकेंद्र केवळ फॉर्म भरून घेणारे असेल, तर त्याच्यात आणि सतरा नंबरमध्ये फारसा फरक उरत नाही. केंद्रातले प्रत्यक्ष शिकवणीचे तास, म्हणजे संपर्क वर्ग, खरोखर भरतात का, मुलगा दोन दिवस आला नाही तर फोन करणारा कोणी आहे का, हे पालकांनी शुल्काच्या आधी विचारावे. प्रवेशापूर्वी संबंधित केंद्रात मुलालाही न्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे. त्याला न विचारता घेतलेला प्रवेश तो महिनाभरात सोडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

त्याआधीचीही एक पायरी आहे आणि ती सर्रास गाळली जाते. मन नाही असा शेरा मारण्यापूर्वी मुलाला वाचता येते का, दिसते-ऐकू येते का, वाचन, लेखन वा गणित शिकण्यात अडथळा आणणारी अध्ययन अक्षमता आहे का, हे तपासले पाहिजे. अध्ययन अक्षमता प्रमाणित झाल्यास राज्य मंडळ परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती देते. मग दाखला काढण्याची वेळच येत नाही.

तेव्हा शिक्षण विभागाकडे माझी मागणी एवढीच आहे की, नववीच्या विद्यार्थ्याचा दाखला देताना तो पुढे कोणत्या शाळेत वा केंद्रात जाणार आहे याची लेखी नोंद मुख्याध्यापकांनी करावी, तो तेथे पोहोचल्याची खात्री ऑगस्टअखेर करून घ्यावी, आणि दहावीच्या निकालाच्या टक्केवारीशेजारी त्याच तुकडीतून नववीनंतर किती मुले दाखला घेऊन शाळा सोडून गेली हा आकडाही शाळेने जाहीर करावा. तालुक्यातील अभ्यासकेंद्रे, रात्रशाळा व कौशल्य अभ्यासक्रम यांचे पत्ते आणि प्रवेशाच्या मुदती असा एक कागद मे महिन्यातच प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावण्याचा आदेश शिक्षणाधिकाऱ्यांनी काढला, तर त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, सासवड