वादळाचा वारा छापता, त्याची चालही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे-जून आला किंवा ऑक्टोबर लागला की आपल्या पेपरात वादळाच्या बातम्या सुरू होतात आणि मोठ्या अक्षरात पहिला आकडा असतो वाऱ्याचा, ताशी एवढे किलोमीटर. तो हवाच. पण आणखी एक आकडा असतो जो बातमीत कुठेतरी शेवटी असतो किंवा नसतोच, तो म्हणजे वादळ स्वतः किती वेगाने पुढे सरकतंय. वारा ताशी तीनशे असू शकतो आणि ते वादळ मात्र चालत्या माणसाच्याही मागे पडेल इतकं हळू असू शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्याकडे दहातल्या नऊ जणांना माहीत नाही. मी श्रीवर्धनकडे गेली सत्तावीस वर्षं छपरांची कामं करतोय, आणि मला हे कळलं ते २०१९ साली बहामात जे झालं ते बघून.

बहामा म्हणजे अमेरिकेच्या फ्लोरिडाच्या शेजारची बेटं. सगळी सपाट, चुनखडीची, ज्याला आपण डोंगर म्हणू असं तिथे काही नाहीच. १ सप्टेंबर २०१९ ला डोरियन नावाचं चक्रीवादळ, तिकडे हरिकेन म्हणतात, आधी अबाको बेटांवर एल्बो के इथे धडकलं, वारा ताशी २९५ किलोमीटर, कॅटेगरी पाच, म्हणजे त्यांच्या मोजपट्टीची सगळ्यात वरची पायरी. तिथून ते मार्श हार्बर गावावरून ग्रँड बहामा बेटावर गेलं आणि तिथे जाऊन चक्क थांबलं. वादळाला पुढे ढकलणारे जे वरच्या हवेतले प्रवाह असतात तेच त्या वेळी मंदावले. मग ताशी दीड-दोन किलोमीटर, मधे काही तास तर जागचं हललंच नाही, असं एक दिवसाहून जास्त ते त्या एकाच बेटावर घोंगावत राहिलं. माणसाने काय करायचं अशा वेळी? आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वारा ११०-१२० होता आणि दोन-तीन तासांत ते पुढे निघून गेलं, तरी त्या दोन-तीन तासांत आम्ही देव आठवले होते, बागेतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडत होत्या आणि आई एकच विचारत होती, अजून किती वेळ रे. तिकडे त्या लोकांनी रात्र काढली, दिवस काढला, परत रात्र काढली.

आता छपराचं सांगतो, कारण तो माझा विषय आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे निसर्गच्या १२० च्या वाऱ्याशी डोरियनचा २९५ चा वारा ताडून बघितला तर जोर सहापट भरतो. आणि हा जोर छपराला खाली दाबत नाही, वर उचलतो. विमानाच्या पंखाचं जे होतं तेच. त्यात एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडलं की वारा आत शिरतो आणि आतूनही वर ढकलायला लागतो, मग छप्पर जातंच. आपण कोकणात पिढ्यान् पिढ्या छप्पर खाली येऊ नये म्हणून खांब-तुळया देत आलो, वर जाऊ नये म्हणून काही बांधायचं असतं हे कोणी शिकवलंच नाही, कौलं तर नुसती रिपांवर स्वतःच्या वजनाने बसलेली असतात.

बहामात मात्र हे शिकलेले होते, म्हणून मला ते प्रकरण जास्त लागलं. तिथे बांधकामाचे नियम कडक आहेत, छपराचे वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडायचे असा कायदाच आहे, म्हणजे वासा भिंतीला, भिंत जोत्याला, जोतं पायाला, वरपासून खालपर्यंत सगळं एकमेकात धरलेलं. खिडक्यांना शटर. ज्यांना परवडतं ते लोक नियम पाळतात पण. चौपाखी छप्पर, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं, दोनच बाजूंना उतार असलेल्या दुपाखीपेक्षा चांगलं टिकतं, कारण दुपाखीच्या तिकोनी भिंतीवर वारा सरळ आदळतो आणि चौपाखीवरून चारी बाजूंनी निसटतो. एल्बो केवर होप टाउनचं एकोणिसाव्या शतकातलं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह आहे, वादळ थेट त्याच बेटावर आलं तरी ते उभं राहिलं. गोल, जाड, वाऱ्याला पकडायला कोपरा नाही. मार्श हार्बरमधे सरकारी इमारत आणि दवाखाना टिकले, तिथे शेकडो लोकांनी जीव वाचवला.

पण नियम होते ते चौथ्या कॅटेगरीच्या वरच्या टोकापर्यंतचा वारा धरून केलेले, आणि आलं पाचवीतलं. वर ते थांबलं. थांबल्याने काय होतं हे मी तुम्हाला तारेवरून सांगतो. पकड हाताशी नसली की आपण तार कशी तोडतो? मागे-पुढे, मागे-पुढे वाकवतो, पहिल्या दहा वेळा काही होत नाही, मग ती गरम होते आणि पटकन तुटते. पत्र्याचं तसंच आहे. वाऱ्याचा झोत सारखा नसतो, तो हबके मारतो, प्रत्येक हबक्याला पत्रा स्क्रूभोवती थोडा उचलतो आणि परत बसतो. तीन तासांचं वादळ असेल तर पत्रा सहन करतो, चोवीस तासांचं असेल तर तोच पत्रा, तोच स्क्रू, तोच वारा असूनही भोकाभोवती चीर पडते. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९७४ च्या नाताळात ट्रेसी वादळाने बहुतेक घरं नेली तेव्हा इंजिनिअर लोकांना नेमकं हेच सापडलं, पत्रे स्क्रूभोवती थकून फाटले होते. त्यानंतर तिथे पत्रा पास करायच्या आधी तो यंत्रावर हजारो वेळा उचलून-दाबून बघायला लागले. निसर्गनंतर मी स्वतः जे पत्रे उतरवले त्यातल्या काहींची भोकं गोल राहिलीच नव्हती, लांबट झाली होती, करंगळी जाईल एवढी, आणि रबरी वॉशर नुसताच लोंबत होता. दोन-तीन तासांत एवढं. मी तो एक तुकडा ठेवलाय, गिऱ्हाईक स्क्रू कमी करायला सांगतं तेव्हा दाखवतो.

आणि हे झालं वाऱ्याचं, बहामात जास्त माणसं मारली ती पाण्याने. ग्रँड बहामाच्या उत्तरेला समुद्र खूप उथळ आहे, लांबच लांब. वादळ बेटावर थांबलेलं, वारा उत्तरेकडून तासन् तास पाणी रेटत राहिला आणि ते उथळ समुद्राचं पाणी उचलून बेटावर आलं, सहा-सात मीटर. सहा मीटर म्हणजे बैठ्या घराच्या आढ्यावरून पाणी. किनाऱ्यापासून लांब आहोत म्हणून निर्धास्त असलेल्या लोकांच्या घरात मागच्या बाजूने समुद्र शिरला. लोक माळ्यावर चढले, तिथून छप्पर फोडून वर. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून जड असतं, ते लाटेसारखं भिंतीवर आपटत असेल तर लोखंडी पट्टी काय करणार? तिथे एकच उपाय, घर खांबांवर उचलणं आणि खालच्या मजल्याच्या भिंती मुद्दाम कच्च्या ठेवणं, म्हणजे पाणी त्या घेऊन जाईल पण वरचं घर राहील.

सगळ्यात वाईट अवस्था झाली ती मार्श हार्बरच्या द मड आणि पिजन पीज या वस्त्यांची. हैतीहून पोटासाठी आलेले लोक, प्लायवुडची घरं, सखल जागा. त्या वस्त्या नकाशावरून पुसल्या गेल्या. कायदा कडक असून त्या लोकांच्या घरांपर्यंत तो पोचलाच नव्हता, कारण जमीन त्यांची नाही आणि पट्टी-शटरचे पैसे नाहीत. अधिकृत मृत्यू ७४, आणि दोनशेहून जास्त माणसं बेपत्ता, त्यातली बरीच कुठल्या यादीतच नव्हती. नुकसान ३४० कोटी डॉलरचं. आणि वादळ गेल्यावरही संपलं नाही, कारण अशा बेटांवर गोडं पाणी म्हणजे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा थर, त्यात समुद्र मुरला, नळाला कित्येक महिने खारं पाणी येत होतं आणि पाइनची जंगलं मिठाने उभीच्या उभी वाळली. खाजणाचा बांध फुटून ज्याच्या विहिरीत खारं पाणी शिरलंय त्यालाच हे दुःख कळेल.

कोसिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने २०१८ साली मांडलं की १९४९ ते २०१६ या काळात जगभरातल्या चक्रीवादळांचा पुढे सरकायचा वेग साधारण दहा टक्क्यांनी कमी झालाय. म्हणून ही विनंती. वादळाची बातमी देताना वारा किती याच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ते ताशी किती किलोमीटर सरकतंय आणि एका जागी किती तास राहील असा अंदाज आहे ते छापा. हवामान खात्याच्या बुलेटिनमधे सरकण्याचा वेग असतो. आणि नुकसानभरपाईच्या बातम्या करता तेव्हा सरकारला एक प्रश्न विचारा की पत्र्याचे पैसे देता, पट्टीचे का देत नाही? घरामागे होणारा खर्च पत्र्याच्या मानाने अगदी थोडा आहे, मी रोज करतो म्हणून सांगतो. वाशाला वरून वळसा घालून दोन्ही बाजूंनी भिंतीत खाली हातभर उतरवलेली गॅल्व्हनाइज्ड पट्टी, प्रत्येक वाशाला एक, कडेच्या वाशांना दोन, आणि पत्र्याच्या कडेला व आढ्याजवळ स्क्रू दाट. पावसाआधी अजून वेळ आहे, छापलंत तर आमच्या तालुक्यातले लोक तरी कात्रण काढून ठेवतील.

आपला नियमित वाचक,
ता. श्रीवर्धन, जि. रायगड