टोकियोत साकेची चव घेण्यासाठी महागडा बार कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जपान प्रवासावरचा लेख आवडीने वाचला. मात्र साकेची खरी चव घ्यायची तर टोकियोतील एखाद्या उंच हॉटेलच्या बारमध्ये एका संध्याकाळसाठी दहा-बारा हजार रुपये बाजूला काढावेत, हा त्यातला सल्ला मुळीच पटला नाही. मुलगी आणि जावई टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहत असल्याने आम्ही दोघे मध्यंतरी दीड महिना तेथे होतो. पहिल्याच आठवड्यात आम्हीही अशा एका बारमध्ये गेलो आणि नावेही नीट न कळलेल्या तीन पेल्यांचे भलेमोठे बिल भरून परतलो. पुढचे पाच आठवडे त्याच्या एका अंशात, आणि कितीतरी अधिक समजून उमजून, चव घेता आली, म्हणून हे पत्र.

आधी नावाचा घोळ दूर करायला हवा. जपानीत ‘साके’ म्हणजे कोणतेही मद्य. आपण ज्याला साके म्हणतो त्याला तेथे ‘निहोन्शू’ म्हणतात आणि दुकानात तोच शब्द वापरावा. लेखात तिला ‘गाळलेली तांदळाची दारू’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. फेणीप्रमाणे ती भट्टीवर गाळत नाहीत. शिजवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे मद्य करत राहते. गाळलेले पेय हवे असेल तर ते शोचू, आणि ते वेगळे. निहोन्शूत मद्यार्क साधारण १५-१६ टक्के असतो, म्हणजे बिअरच्या तिप्पट, हे पहिला पेला गोड लागला तरी विसरू नये.

चव घेण्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे तोरानोमोन स्टेशनजवळचे, साके आणि शोचू उत्पादकांच्या संघटनेचे माहिती केंद्र. जपानच्या निरनिराळ्या भागांतल्या बाटल्या तेथे मांडलेल्या असतात, घोट-दोन घोट मावतील असे छोटे पेले विकत मिळतात आणि काउंटरवरची माणसे न कंटाळता समजावून सांगतात. शनिवारी, रविवारी ते बंद असते, त्यामुळे बेत आखताना वार पाहावा. तेथे पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळे दिसतील. ती नक्षी नव्हे. पांढऱ्या-निळ्याच्या सीमेवर पेयाची पारदर्शकता आणि रंग पारखता यावा, यासाठी ती असतात. माझ्या यजमानांनी तेथे एकच साके आधी थंड आणि मग कोमट मागवली, तेव्हा ती एकाच बाटलीतली आहे यावर माझा विश्वास बसेना. प्रत्येक पेल्याबरोबर पाणी प्यायचे, हा तिथला रिवाजही शहाणपणाचा आहे.

टोकियो स्टेशनच्या तिकीट फाटकांच्या आत, ग्रान्स्ता या बाजारात हासेगावा साकेतेन हे दुकान आहे. गाडीला वेळ असेल तर तेथेही उभ्या उभ्या चव घेता येते. पण ज्यांच्याकडे एक अख्खा दिवस मोकळा आहे, त्यांनी ओमे मार्गावरच्या सावाई स्टेशनवर उतरावे. तामा नदीच्या काठी ओझावा कुटुंबाची, १७०२ साली सुरू झालेली ‘सावानोई’ साकेची भट्टी आहे. (भट्टी हा शब्द येथे चुकीचाच, पण आपल्याकडे दुसरा रुळलेला नाही.) दारावर जपानी देवदाराच्या (‘सुगी’) डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला असतो: नवी साके तयार झाली की हिरवा गोळा लावतात आणि तो तपकिरी होत जातो तशी आतली साके मुरत जाते. टोकियोच्या हद्दीतच असूनही तेथे डोंगर आणि नदीचा खळखळाट आहे. जायचे मात्र रेल्वेनेच. जपानमध्ये मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबरच त्याला मद्य देणारा आणि त्याच्या गाडीत बसणाराही कायद्याने दोषी ठरू शकतो.

आणखी हौस असेल तर टोकियोहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा तासावर एचिगो-युझावा आहे. तेथील स्टेशनातल्या पोन्शुकान या साके चाखण्याच्या दालनात ५०० येन देऊन पाच नाणी मिळाली. एक नाणे टाकले की यंत्रातून निइगाता प्रांतातल्या हव्या त्या साकेचा एक पेला. शेजारी चाखायला निरनिराळी मिठे मांडलेली असतात. मिठाच्या चिमटीबरोबर साके चांगली लागते हे मला तेथेच कळले.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना, जी लेखात यायला हवी होती. इझाकाया म्हणजे तिथले खाणे-पिण्याचे गुत्ते. तेथे बसताच न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिला ‘ओतोशी’ म्हणतात आणि तिचे पैसे बहुधा बिलात लागतात. त्या वाटीत अनेकदा मासा असतो आणि निव्वळ तोफू मागवला तरी वर सुक्या माशाचा कीस भुरभुरून येतो. उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, अर्थात एदामामे, बहुतेक ठिकाणी निर्धोक. केवळ चव घेण्याच्या वर उल्लेखिलेल्या जागी ही अडचण आली नाही. नाशिकच्या वाइनरीत जसे कुणी निःसंकोच जाऊन घोटभर चाखून येते, तसेच वातावरण तेथे होते, आणि साठी उलटलेल्या बाईकडे कोणी वळून पाहिले नाही.

शेवटी, लेखातील आकड्याची एक दुरुस्ती कृपया छापावी. तांदळाचा दाणा बाहेरून घासून केलेल्या साकेच्या वरच्या प्रतींना ‘गिन्जो’ आणि त्याहून अधिक घासलेल्या दाण्याच्या प्रतीला ‘दाइगिन्जो’ म्हणतात. ‘दाइगिन्जो’साठी ५० टक्के किंवा त्याहून कमी असा जो आकडा बाटलीवर असतो, तो घासून काढलेल्या तांदळाचा नसून शिल्लक राहिलेल्या दाण्याचा असतो, ‘गिन्जो’साठी ही मर्यादा ६० टक्के आहे. म्हणजे आकडा जितका लहान तितका दाणा अधिक घासलेला आणि बाटली बहुधा महाग. लेखातल्याप्रमाणे उलटा अर्थ लावून कोणी मोठा आकडा बघून बाटली उचलली, तर त्याच्या हाती नेमकी तो टाळू पाहत असलेलीच साके येईल.

आपली,
एक वाचक, ठाणे