रुळाखालच्या थरांचंही सांगा

महोदय,

बुलेट ट्रेनच्या बातम्यांत ताशी ३२० किलोमीटरचा वेग आणि ठाणे खाडीखालचा ७ किलोमीटरचा बोगदा यांचंच कौतुक असतं. रुळाखाली काय घालतात, हे कुणी सांगत नाही. दिव्यात रुळालगतच्या चाळींत एक्स्प्रेस गेली की मांडणीवरची भांडी वाजतात, खिडकीची काच थरथरते. तिथे निदान खडी आहे, ती थोडाफार हादरा पचवते. जपानी पद्धतीच्या या नव्या मार्गावर खडीच नाही. काँक्रीटच्या पायावर सिमेंट-डांबराच्या मिश्रणाचा थर, त्यावर काँक्रीटची लादी आणि रुळाखाली लवचिक पॅड, यावरच सगळी भिस्त. पॅड मऊ असेल तर खाली कंपन कमी उतरतं. फार मऊ केलं तर रूळच जास्त दबतो. म्हणजे तारेवरची कसरत! शिवाय रबर जुनं होईल तसं कडक होत जातं.

शिळफाट्याला मार्ग बोगद्यातून वर येतो. तिथल्या वस्त्यांत गाडी सुरू होण्याआधीची आणि नंतरची कंपनं मोजून आकडे मराठीत जाहीर करावेत. पॅड किती वर्षांनी बदलणार, तेही.

– एक वाचक, दिवा (जि. ठाणे)