सुमे, रात्री ऑक्सिजन उतरतोय

फोंडा, आषाढ

प्रिय सुमे,

किती दिवसांनी लिहितेय, रागावू नकोस. मी बरी, आई बरी, सातवा महिना लागलाय. पण हे तुलाच सांगायचं होतं, कारण झोपेत श्वास अडकू नये म्हणून काकांच्या उशाशी असलेलं ते हवेचं मशीन तू वर्षानुवर्षं पाहिलंयस.

मी घोरते. मध्येच श्वास अडकतो आणि दचकून जागी होते. सासूबाई म्हणतात, पोटुशीला असं व्हायचंच. परवा संदीपनं कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर माझ्या बोटाला लावून ठेवलं. जागेपणी 97, झोपेत 88! मग डोळ्याला डोळा लागला नाही. आता तो रोज पहारा करायला बसतो आणि खुर्चीतच घोरू लागतो.

डॉक्टरबाईंनी हे हसण्यावारी नेलं नाही. बोट गार असलं, हात हलला, नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकतो, म्हणून छातीला पट्टा बांधून घरीच एक रात्र तपासणी करायचीय. पोट वाढलं की श्वासपटल वर सरकतं, फुप्फुसांत हवेचा साठा कमी उरतो आणि शरीराला ऑक्सिजन तर जास्त लागतो. मग श्वास जरा अडकला की आकडा झरकन उतरतो. नाकही या दिवसांत चोंदतं. माझं बीपी थोडं चढलंय, त्याची त्यांना जास्त काळजी. झोपेत श्वास अडकणाऱ्या बायकांना प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका अधिक असतो.

मला माझं काही नाही गं, भीती बाळाची आहे. बाळाचं हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा घट्ट ऑक्सिजन धरून ठेवतं, असं त्या म्हणाल्या आणि मी सुटकेनं तिथेच रडले. तरी रात्री पोटावर हात ठेवून ते कधी हलतंय याची वाट बघते.

पाठीवर झोपायचं नाही, कुशीवरच. होस्टेलच्या खिडकीवरून आपण किती भांडलो, आठवतं? तू बंद करायचीस, मी उघडायचे. अजूनही माझंच खरं! पाऊस आत येतो, सासूबाई लादी पुसतात, पण खिडकी उघडीच.

तपासणीत काकांचंच दुखणं निघालं तर मलाही त्या मशीनचा मास्क. काकांना सुरुवातीला गुदमरायचं का? सवय व्हायला किती दिवस लागले? काकूंची झोप मोडायची का? धीर द्यायला गोड बोलू नकोस, खरं सांग.

तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन! पेढे चवथीला घेऊनच ये, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला हात हवेत. रियाला पापा.

उत्तर लिहीत बसू नकोस, काकांना विचारून फोनच कर.

तुझी,
वीणा