अर्ज वाढले म्हणजे नोकऱ्या वाढल्या असे नव्हे

मा. संपादक,
स. न.

नव्या उद्योगांच्या नोंदणी अर्जांत वाढ झाली, आता त्या भागात रोजगार वाढणार, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. मी करसल्लागार आहे. असे अर्ज भरून देणे हे माझे रोजचेच काम, त्यामुळे त्या आकड्यांमागची माणसे माझ्या समोर बसलेली असतात.

नुकतीच एक तरुणी आली होती. एका कंपनीत पगारावर डिझायनर होती. कंपनीने तिचा विभागच बंद केला आणि तेच काम आता बाहेरून करून द्या म्हणून सांगितले. फक्त नोंदणी असल्याशिवाय बिल निघणार नाही, ही अट. अर्जात ‘कर्मचारी किती’ या रकान्याशी आम्ही पोचलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘शून्य लिहा, मी एकटीच आहे.’’ त्या दिवशी आकडेवारीत एक नवा उद्योग जमा झाला आणि प्रत्यक्षात पगाराची एक नोकरी गेली. कोणी बँकेत चालू खाते उघडायचे म्हणून अर्ज करतो, कुठे भागीदारी फुटते आणि एका धंद्याचे दोन अर्ज होतात. यात खोटे काही नसते. पण या अर्जांतून आणखी एखाद्या माणसाला काम मिळेल, असेही काही नसते.

अमेरिकेत ही मोजणी फार बारकाईने होते. तिथे धंदा सुरू करणारा करखात्याकडे ओळख क्रमांक मागतो. येत्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त किती कर्मचारी असतील आणि पहिला पगार कोणत्या तारखेला, हे त्या अर्जात विचारलेले असते. अर्ज कशासाठी, याच्या पर्यायांत ‘नवा धंदा’ आणि ‘कर्मचारी नेमले’ यांच्याबरोबर ‘बँकेचे काम’ हाही एक पर्याय आहे! सेन्सस ब्युरो, म्हणजे तिथली जनगणना आणि आकडेवारीची सरकारी संस्था, या उत्तरांवरून पगारी माणसे ठेवण्याची शक्यता जास्त असलेले अर्ज वेगळे काढतो आणि दोन्ही आकडे जाहीर करतो. 2019 मध्ये एकूण अर्ज सुमारे 35 लाख होते, 2021 मध्ये ते 54 लाखांच्या आसपास गेले. पण त्या 54 लाखांत असे भरवशाचे अर्ज ढोबळमानाने एक तृतीयांशच. मथळ्यात मात्र मोठाच आकडा येतो.

तरीही हा आकडा टाकाऊ नाही, हे आवर्जून सांगते. पगारपत्रकांवरून रोजगाराची पक्की आकडेवारी यायला बराच काळ जातो. अर्जांचा आकडा आठवड्याच्या आठवड्याला कळतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन हॅल्टिवांगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 च्या अभ्यासात दाखवले की नोकऱ्यांच्या निव्वळ वाढीत धंदा लहान की मोठा यापेक्षा तो किती नवा आहे याला जास्त महत्त्व आहे. त्याचबरोबर नव्या धंद्यांपैकी साधारण निम्मे पाच वर्षांत बंद पडतात. जे टिकतात त्यांतले थोडेच वेगाने वाढतात आणि बरीचशी भरती तेच करतात. ते थोडे कोणते, हे अर्जाच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

प्रादेशिक तुलनेत तर आणखी जपायला हवे. अर्जावरचा पत्ता आणि कामाची जागा एकच असेल असे नाही. डेलावेअर आणि वायोमिंग या अमेरिकेतल्या कमी वस्तीच्या राज्यांत लोकसंख्येच्या मानाने अर्ज कितीतरी जास्त दिसतात, कारण कंपनी कागदोपत्री तिथे नोंदवणे सोयीचे पडते. माणसे मात्र दुसरीकडेच कामाला जातात. एखाद्या तरुणाने असा आकडा वाचून नोकरीसाठी तिकडचा रस्ता धरला तर त्याच्या हाती काय लागणार?

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे. एकूण अर्जांशेजारी, पगारी माणसे ठेवू म्हणणाऱ्यांचा आकडा छापावा. तो मिळत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि दोन वर्षांनी त्याच भागाची बातमी पुन्हा करावी: त्या अर्जदारांपैकी किती जणांनी पहिला पगार दिला? सेन्सस ब्युरोही अर्जानंतर चार आणि आठ तिमाहींपर्यंत हेच तपासतो. ही दुसरी बातमी मी अजून कुठे वाचलेली नाही. आपल्या अंकात ती यावी.

आपली,
एक करसल्लागार वाचक