१९,८०० सेकंद शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे समोर बोललो असतो तर तुम्ही ‘बरं, चहा घेणार ना?’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून जाहीर लिहितोय. दुसरं कारण असं की ज्या घोळातून तुम्ही मला बाहेर काढलंत, त्यात उद्या आणखी कुणीतरी अडकणारच. भारतात बसून जीपीएसशी खेळणाऱ्याच्या वाट्याला तो आज ना उद्या येतोच.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. माझ्या मनगटावर बँगल डॉट जेएस २ असतं. इंग्लंडच्या गॉर्डन विल्यम्स यांच्या एस्प्रुइनोवर, म्हणजे छोट्या चिपांवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर, चालणारं हे घड्याळ आहे. जावास्क्रिप्ट लिहायची, ब्लूटूथवरून घड्याळात ढकलायची, आवडलं नाही तर पुसून टाकायची. त्यातलं बहुतेक सगळं उघडं आहे, जीपीएसची चिप मात्र बंद पेटी. माझ्या घड्याळातली चिप चिनी आहे, एटी६५५८ जातीची. ती सिरियलवरून नेहमीच्या एनएमईए ओळी, म्हणजे जीपीएस यंत्रांच्या ठरलेल्या साच्यातला मजकूर, टाकते आणि हुकूम घेते ते कॅसिक नावाच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये.

उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट्स इतक्या संथपणे पाठवतो. या माहितीची एक फेरी ३० सेकंदांची. मध्ये हात हलला, डोक्यावर झाड आलं, चार बिट्स गळले, की पुढच्या फेरीची वाट बघायची. म्हणून लोक हीच माहिती आधी इंटरनेटवरून उतरवून चिपला भरवतात. घड्याळाच्या स्वतःच्या ॲपमध्ये ही सोय आहे आणि ती नीट चालते. मला मात्र आत नेमकं काय जातं ते बघायचं होतं, म्हणून कुणीतरी मोकळी सोडलेली एक पायथन स्क्रिप्ट मी वापरायला घेतली. आणि उलटंच झालं. काहीही न भरवता घड्याळ गच्चीवर मिनिटभरात जागा पकडायचं, भरवलं की पाच-सात मिनिटं नुसतं बघत बसायचं.

ज्याला विचारावं तो म्हणे, अँटेना गेली, उघडून बघ. तुम्ही एकट्याच म्हणालात, “उघडायचं नाही. सील गेलं की पावसाळ्यात घड्याळ गेलं. आणि अँटेना गेली असती तर न भरवता तरी कसं पकडलं असतं?” इतका साधा प्रश्न, पण तोवर कुणी विचारलाच नव्हता.

तुमचं काम मोजणीची यंत्रं दुरुस्त करण्याचं. जमीन मोजणीचे रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून अचूक जागा काढणारी यंत्रं, तुमच्या टेबलावर रोज उघडे पडलेले असतात, आणि त्यांच्यापुढे माझं घड्याळ म्हणजे खेळणं. तरी तुम्ही रविवारची सकाळ दिलीत. घड्याळ मनगटावरून काढायला लावलंत, कारण अंगातलं पाणी १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल खातं. ते गच्चीच्या कठड्यावर, तोंड आभाळाकडे करून ठेवलंत आणि म्हणालात, “आता ते काय बोलतंय ते ऐकू.” कच्च्या ओळी लॅपटॉपवर येऊ लागल्या.

तुम्ही जीएसव्हीच्या ओळींपाशी थांबलात. त्यात प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक, उंची, दिशा आणि सिग्नलची ताकद असते. आमच्या यादीत क्रमांक होते, उंची होती, दिशा होती, ताकदीच्या जागा मात्र बहुतेक रिकाम्या. एक उपग्रह तर ७० अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर, आणि आवाज शून्य. मी पुन्हा ‘अँटेना’ म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात तुम्ही माझा फोन मागितलात आणि त्यावर उपग्रहांची यादी उघडलीत. फोनच्या आभाळात तो उपग्रह नव्हताच! फोनला दिसत होते ते उपग्रह घड्याळाच्या यादीत नव्हते आणि घड्याळाचे फोनमध्ये नव्हते. एकाच गच्चीवर दोन आभाळं.

त्यानंतर तुम्ही आरएमसीची, म्हणजे वेळ आणि जागा सांगणारी, ओळ धरलीत. पहिला आकडा ०७२०१४, पुढे व्ही, म्हणजे जागा अजून सापडलेली नाही. “ही वेळ कुठली?” तुम्ही विचारलंत. मी मोबाइल बघितला, सात वीसच झाले होते. मला त्यात काही वावगं दिसेना. तुम्ही मात्र खुर्ची पुढे ओढलीत. एनएमईएमध्ये वेळ नेहमी यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, असते; पुण्यात सात वीस वाजले असताना तिथे ०१५० दिसायला हवं.

आणि तरीही तुम्ही लगेच ‘सापडलं’ म्हणाला नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आठवतं. “आधी चिपला आपण काय सांगितलं ते वाचू.” मग स्क्रिप्टने चिपला पाठवलेलं पाकीट, म्हणजे संदेश, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) उघडायला लावलंत. सुरुवातीला बीए सीई, मग लांबी, मग ०बी आणि ०१, म्हणजे सुरुवातीची जागा आणि वेळ सांगणारा संदेश. त्यात ५६ बाइट्सचा मजकूर आणि शेवटी चार बाइट्सची चेकसम, म्हणजे पाकीट वाटेत बिघडलं नाही ना ते पडताळण्याचा आकडा. ती म्हणजे चार-चार बाइट्सचे गट करून बेरीज. ती तुम्ही वहीत करून बघितलीत आणि बरोबर निघाली. चिपनेही पोच दिली होती. “पोच दिली म्हणजे पाकीट मिळालं एवढंच,” तुम्ही म्हणालात, “आतलं खरं आहे असं ती म्हणत नाही.”

मजकुरातला चौथा आकडा आठवड्यातल्या सेकंदांचा. जीपीएसचा आठवडा शनिवार-रविवारच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला. आठ बाइट्स उलट क्रमाने जोडून तुम्ही मला आकडा काढायला लावलात: २६,४१८. यायला हवा होता ६,६१८. जीपीएस यूटीसीच्या १८ सेकंद पुढे चालतं, ते १८ सेकंदसुद्धा त्या स्क्रिप्टने इमानदारीने धरले होते. वजाबाकी १९,८००. साडेपाच तास, सेकंदात. हा आकडा बघितला की इथल्या प्रोग्रामरला वेगळं काही सांगावं लागत नाही. स्क्रिप्ट संगणकाची स्थानिक वेळ घेत होती आणि तीच यूटीसी म्हणून चिपला देत होती. लिहिणारा बहुधा लंडनकडचा असावा. हिवाळ्यात तिथे ही चूक दिसतच नाही.

चिप इतकी का गोंधळायची, तेही तुम्ही वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलंत. जीपीएसचा उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे ११ तास ५८ मिनिटांत घेतो. साडेपाच तास म्हणजे जवळपास अर्धी फेरी, म्हणजे आम्ही तिला शोधायला लावत होतो ते उपग्रह त्या क्षणी पृथ्वीच्या पलीकडे. संध्याकाळी पुणे स्टेशनवर जाऊन सकाळची डेक्कन क्वीन शोधावी, तशातली गत. शिवाय कक्षेची ती बारीक माहिती साधारण चार तासच धरायची असते. चिपच्या लेखी आम्ही भरवलेलं सगळं शिळंच होतं. काहीच न भरवलेली चिप निदान सगळं आभाळ चाळत होती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. घड्याळ परत कठड्यावर ठेवलं आणि चहा गाळून होईपर्यंत व्हीचा ए झाला, म्हणजे जागा सापडली. ती दुरुस्त स्क्रिप्ट मी मोकळी ठेवली आहे. तुमच्या अटीप्रमाणे वेळेच्या ओळीवर मराठीत शेरा लिहिलाय: ‘यूटीसी, स्थानिक नव्हे.’

ताई, तुम्ही त्या सकाळी माझ्या हातून कीबोर्ड एकदाही घेतला नाहीत. चूक तुम्हाला बहुधा आरएमसीच्या ओळीतच दिसली होती. तरी पाकीट उघडणं, बाइट्स उलटे जोडणं, वजाबाकी, सगळं माझ्याकडून करून घेतलंत. आता कॅसिकची पाकिटं मी स्वतः बांधतो. चिपला पीसीएएस०६ हा हुकूम देऊन तिची आवृत्ती काढतो, पीसीएएस०४ ने कधी नुसतं जीपीएस, कधी जोडीला चीनचं बायदू आणि रशियाचं ग्लोनास लावून बघतो. मागच्या महिन्यात राजगडच्या पद्मावती माचीवर घड्याळ पाठीवरची सॅक उतरवायच्या आत जागेवर आलं. संजीवनीच्या तटबंदीला लागून मात्र नकाशावरची माझ्या वाटेची रेघ अजूनही दरीत उड्या मारते. तो कड्यावरून परतणाऱ्या सिग्नलचा दोष, वेळेचा नव्हे. एवढं आता मला सांगता येतं.

ते तुम्ही छापून दिलेले प्रोटोकॉलचे कागद अजून माझ्याकडेच आहेत. पेन्सिलीच्या खुणांसकट उतरवून घेतोय, पुढच्या आठवड्यात आणून देतो. ग्लोनासबद्दल एक प्रश्न आहे, तो तेव्हाच विचारेन. त्यांची यंत्रणा म्हणे मॉस्कोची वेळ धरते, यूटीसीच्या तीन तास पुढची.

तुमचा,
घड्याळवाला