बिल आमच्या नावावर फाडू नकोस

गुहागर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंनी पाठवलेली गाडीची माहिती सगळी वाचून काढली. लॅम्बोर्गिनी उरुस, तीही नवी, पेट्रोलला विजेची जोड दिलेली एसई. खाली तुझा निरोप: "बाबा, ही फॅमिली कार आहे. आईला, आजीला, मुलांना सगळ्यांना घेऊन फिरू." उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपात काढलेल्या माणसाला असलं काही धाडलंस, म्हणजे उत्तर लांबणारच.

आधी आवडलं ते सांगतो. हा फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी मूळचा ट्रॅक्टरवाला. आपली पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली ते १९४८ साल. त्याच साली त्याने लढाईतून उरलेलं सामान वापरून ट्रॅक्टर बांधायचा कारखाना काढला. मोटारी १९६३ नंतरच्या. त्या बहुतेक जमिनीला पोट टेकलेल्या, दोघांपुरत्या. सामानाचं नाव काढायचं नाही. २०१७ च्या डिसेंबरात उरुस दाखवली ती पाच माणसांची, ६१६ लिटरच्या डिकीची, आणि तरीही शून्यावरून शंभरावर ३.६ सेकंदांत जाणारी. चार लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, दोन टर्बो. दोन टनांच्या वरचं धूड एवढं पळवायचं, वळणावर आडवं होऊ द्यायचं नाही आणि परत जागच्या जागी थांबवायचं, हे कारागिराचं काम आहे. पुढच्या ब्रेकची कार्बन-सिरॅमिक डिस्क ४४० मिलिमीटरची. मी तुझ्या आईला मुद्दाम बोलावून दाखवली, तर म्हणाली, "परातीएवढी आहे की!"

मागची चाकंही वळतात, हे मला फार पटलं. गाडी हळू असताना ती पुढच्या चाकांच्या उलट वळतात, वेगात असताना त्याच दिशेला. पाच मीटरहून लांब गाडी घाटातल्या वळणात घालायची तर याच्यासारखी सोय नाही. शिवाय हवेचं सस्पेन्शन. मूळची उरुस १५८ पासून २४८ मिलिमीटरपर्यंत वर उचलता येते. ओहोटीच्या वेळी दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीचा रॅम्प कसा तिरका होतो, ते तुला माहीत आहे. दुसरी कुठली सुपरकार तिथे पुढचा बंपर ठेवूनच धोपाव्याला उतरेल. ही सहीसलामत चढेल.

पण बोटीवरून उतरल्यावर घरापर्यंत यायचं आहे. गाडी आरसे सोडून दोन मीटरहून थोडी जास्त रुंद. आपल्या वाडीकडे वळलं की दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे. समोरून रिक्षा आली तर मागे कोण जाणार? रिक्षावाला तर नाहीच. त्याच्या पत्र्याला आणखी एक पोचा पडला तर त्याचं काय जातंय! खळ्यात ती येणार नाही. देवळाच्या पटांगणात लावावी लागेल, आणि अख्खी पंचक्रोशी तिला टेकून फोटो काढेल. तुझा जीव जेवताना तिकडेच.

चाकं २१ इंचापासून २३ इंचापर्यंतची, म्हणजे रबराची कड अगदीच बुटकी. पावसात खड्डा भरला की खोली कळत नाही. कड दबली की टायरला फुगा आणि रिम वाकडी, हे कुठल्याही पोराला विचार. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याबद्दल मी आता बोलणं सोडलं आहे. गाडी वाटेत अडली तर आपल्याकडचा कुणी मिस्त्री तिचं बॉनेटसुद्धा उघडणार नाही. मीही नाही. फ्लॅटबेडवर घालून मुंबई.

आता एसईचं, कारण इथे जाहिरातीचा सूर वेगळा आणि आकडा वेगळा आहे. तिला जोडीला विजेची मोटर आहे, मिळून ८०० अश्वशक्ती. चार्ज करून निव्वळ विजेवर ६० किलोमीटर जाते. चांगलं आहे, पहाटे वाडीत शिरलीस तर कुत्रीसुद्धा उठणार नाहीत. पण ती बॅटरी बसवलीय डिकीच्या तळाखाली, आणि डिकी उरली ४५४ लिटर. वजन गेलं अडीच टनांवर. म्हणजे कुटुंबासाठी गाडी घ्यायची आणि कुटुंबाचं सामान घरी ठेवायचं! गणपतीहून परतताना तुम्ही काय काय नेता, ते आठव: नारळ, चिबूड, कुळथाचं पीठ, आगळाच्या बाटल्या, आणि आईने आयत्या वेळी दिलेली ती पिशवी.

किंमत २०२४ च्या ऑगस्टात एक्स-शोरूम ४.५७ कोटी. रोड टॅक्सची कमाल मर्यादा सरकारने २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख केली, ती तुला पुरी भरावी लागेल. आणि गंमत बघ, ज्या सांगाड्यावर उरुस उभी आहे, त्याच्यावरच पोर्शे कायेन आणि ऑडी क्यू८ उभ्या आहेत. सगळ्या एकाच फोक्सवॅगनच्या घरातल्या. कायेन निम्म्याहून कमी पैशांत मिळते, आणि आजीचे गुडघे तिच्यातही तेवढेच सुखात राहतील. मग वरचे पैसे कशाचे? आवाजाचे, ओढीचे, नाकावरच्या त्या बैलाच्या चिन्हाचे. ३१२ च्या वेगाचे, जेव्हा समृद्धीवरसुद्धा १२० ची मर्यादा आहे.

त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. तुझे कष्ट, तुझी कमाई. मलाही तो आवाज ऐकायचा आहे. हौस आहे म्हणून सरळ सांग आणि घे. आजी घाट लागला की डोळे मिटून रामरक्षा म्हणते, तिला साडेतीन सेकंद काय नि साडेतीन तास काय! तिला पुढे करून बिल आमच्या नावावर फाडू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

घेतलीस तर मे महिन्यात आण. रस्ते कोरडे असतात. गुहागर-चिपळूण रस्त्यावर थोडी मला चालवायला दे, आणि त्या डिकीत आंब्याच्या किती पेट्या बसतात ते मी स्वतः लावून बघतो. मुंबईला पोचल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवून घे, आपला खारा वारा इटलीच्या लोखंडालाही सोडत नाही.

गणपतीला मात्र रेल्वेनेच या. चिपळूण स्टेशनवर मी न्यायला येईन. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि उघडता उघडता संपतं, तेव्हा जावईबापूंना तारीख आजच लिहून ठेवायला सांग.

तुझे
बाबा